नऊ ते सहानंतर : रोज एक चित्र, पोस्टकार्डाएवढं

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली होतीत का? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र... आठवतंय? टेबलावर कळशी, शेजारी दोन वांगी, मागे चुण्या पडलेला पडदा आणि बाकांमधून फेऱ्या मारणारे ड्रॉइंगचे सर. त्या परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळवणारे कितीतरी जण आज तुमच्या आजूबाजूच्या क्युबिकलमध्ये बसून एक्सेल शीट भरतायत. कदाचित तुम्हीही त्यातलेच. कॅमलची रंगपेटी घरी माळ्यावर पडलीय, ब्रश कधीचेच कडक झालेत आणि ‘चित्रं का सोडलीस?’ असं कुणी विचारलं की उत्तर तयार असतं : वेळ कुठे आहे यार!

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. आपल्या डोक्यात ‘चित्र’ म्हटलं की मोठा कागद, बोर्ड, ईझल आणि रविवारची अख्खी दुपार असं सगळं एकदम उभं राहतं. असा रविवार महिन्यातून एखादा मिळतो. त्यातही कुणाचं तरी बारसं निघतं, नाहीतर गॅसवाला येतो. आणि नशिबाने दुपार मिळालीच, तर तीन महिन्यांनी समोर आलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र कागदावर पहिली रेघ मारायलाच हात धजावत नाही. बिघडलं तर? पुन्हा तीन महिने!

म्हणजे घोळ वेळेचा आहे, तसा कागदाच्या मापाचाही आहे. माप लहान केलं तर काय होतं, हे वीसेक वर्षांपूर्वी काही चित्रकारांनी करून दाखवलं. शिवाय ती चित्रं इंटरनेटवर विकूनही दाखवली.

सिगारच्या खोक्यातला स्टुडिओ

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंड नावाचं शहर आहे. तिथल्या डुएन कायझर या चित्रकाराने डिसेंबर २००४ मध्ये एक साधा नेम धरला. रोज एक चित्र, तेही पोस्टकार्डाएवढं. विषय काय? समोर असेल ते. फळ, अंडं, खिडकीतून दिसणारा रस्ता. रंगकामाचं सामान मावेल असं सिगारचं जुनं खोकं, तोच त्याचा स्टुडिओ. चित्र झालं की त्याचा फोटो इंटरनेटवर टाकायचा आणि ज्याला हवं त्याला थेट विकायचं. सुरुवातीला किंमत होती १०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेचार हजार रुपये. पुढे मागणी वाढली आणि तो ईबेवर लिलाव करू लागला.

आज यात काय विशेष, असं वाटेल. पण तेव्हा चित्रकाराचा रस्ता ठरलेला होता. वर्ष-दोन वर्षं खपून मोठी चित्रं करायची, गॅलरीवाल्याचे उंबरे झिजवायचे, प्रदर्शन लागलं तर विक्रीतला निम्म्यापर्यंतचा वाटा गॅलरीला द्यायचा आणि उरलेली चित्रं टेम्पोत घालून घरी आणायची. कायझरने मधला हा सगळा प्रवासच गाळून टाकला. संध्याकाळी केलेलं चित्र रात्री लोकांसमोर!

पाठोपाठ २००५ मध्ये ज्युलियन मेरो-स्मिथ हा फ्रान्समध्ये राहणारा इंग्रज चित्रकार तेच करू लागला. त्याने आपल्या उपक्रमाला नाव दिलं ‘पोस्टकार्ड फ्रॉम प्रोव्हान्स’. तिथली चेरी, जर्दाळू, द्राक्षमळे, लॅव्हेंडरची शेतं यांची छोटी छोटी तैलचित्रं जगभरातल्या लोकांच्या घरी जाऊ लागली. २००६ मध्ये टेक्सासमधल्या कॅरल मरीन या चित्रकर्तीने सहा इंच बाय सहा इंचाची चित्रं सुरू केली. कप, फळं, अंडी... घरातलंच सगळं. प्रोग्रॅमर असलेल्या नवऱ्याबरोबर तिने अशा चित्रकारांसाठी ‘डेली पेंटवर्क्स’ ही वेबसाइट उभी केली आणि २०१४ मध्ये ‘डेली पेंटिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं. एका माणसाच्या नेमातून बघता बघता एक पंथच तयार झाला.

तारीख चुकवायची नाही

रोजच्या चित्राची कल्पना मात्र इंटरनेटपेक्षा कितीतरी जुनी आहे. जॉन कॉन्स्टेबल हा इंग्रज निसर्गचित्रकार १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवत बसायचा. कागदावर, तैलरंगात, छोटी चित्रं. ढग थांबत नाहीत, त्यामुळे सगळा कारभार तासाभराच्या आत उरकायचा. चित्राच्या मागे तो तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय हे लिहून ठेवायचा. ही त्याची विकण्याची चित्रं नव्हती, हाताचा रियाज होता. आज ती मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

जपानी चित्रकार ऑन कावारा तर याहून कडक. १९६६ च्या ४ जानेवारीपासून त्याने एका रंगाच्या पार्श्वभूमीवर फक्त त्या दिवसाची तारीख रंगवायला सुरुवात केली. रात्री बाराच्या आत चित्र पूर्ण झालं नाही तर ते नष्ट करायचं, हा नियम. २०१३ पर्यंत त्याने अशी जवळजवळ तीन हजार चित्रं केली. आपली बारा वाजताची डेडलाइन त्यापुढे काहीच नाही. आपल्याला एक्स्टेन्शन मिळतं!

लहान असण्याचे फायदे

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एका वेळी एकच गोष्ट मावते. एक लिंबू. कटिंगचा ग्लास. लसणाचा गड्डा. इस्त्रीहून आलेल्या शर्टांची चवड. त्यामुळे ‘काय काढू?’ हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. ड्रॉइंगला दहा मिनिटं, रंगाला चाळीस मिनिटं. टीव्हीवरची मालिका जाहिरातींसकट संपेपर्यंत चित्र तयार.

दुसरा फायदा बिघडण्याचा. चित्र बिघडलं तर गेला एक छोटा कागद आणि एक तास. उद्या दुसरं आहेच. महिन्यातून एकच चित्र करणाऱ्याला प्रत्येक चित्र चांगलं व्हावंच लागतं, म्हणून तो येतंय तेच करत राहतो. रोज करणाऱ्याला मंगळवारी काहीतरी भलतं करून बघता येतं. सावलीत निळा घालून बघू, पार्श्वभूमी काळी करून बघू. ऑफिसात आपल्याला हीच मुभा मिळत नाही. तिथे प्रत्येक प्रेझेंटेशन म्हणजे फायनल.

आणि तिसरा फायदा हिशेबाचा. आठवड्यातले पाच दिवस धरले, दिवाळी-गणपती, आजारपण, रिलीजचे आठवडे वजा केले, तरी वर्षाला दोनशे चित्रं सहज होतात. दोनशे वेळा ब्रश हातात धरल्यावर हात सुधारणार नाही असं होतच नाही. इंटरमिजिएटच्या वेळी तरी आपण दुसरं काय केलं होतं?

आता पैशांचं बोलू

दोनशे चित्रं घरात ठेवणार कुठे? वन बीएचकेत आधीच कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही. तेव्हा विकायला काढायचीच. आणि आपल्याकडे हे काम आता सोपं झालंय. भारतातलं ईबे २०१८ मध्ये बंद झालं, पण इन्स्टाग्रामवर फोटो, यूपीआयने पैसे आणि स्पीड पोस्टाने पाकीट, एवढ्यावर दुकान सुरू होतं. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे कलाकार तुम्ही पाहिले असतील. हा तसाच फुटपाथ, फक्त ऊन नाही आणि पाऊसही नाही.

पण आकडेमोड आधीच करून घ्या, म्हणजे नंतर जीव जळणार नाही. समजा, एका चित्राची किंमत ठेवली ८०० रुपये. कागद-रंगाचे ६०, पुठ्ठा-पाकिटाचे ४०, पोस्टाचे १०० गेले. उरले ६००. आठवड्याला सात चित्रं केली आणि दोन विकली गेली, तर हातात आले १,२००. न विकलेल्या पाच चित्रांच्या कागद-रंगाचे ३०० वजा केले की ९००. आता वेळ मोजा. चित्रांचे सात तास. फोटो काढणं, ‘पत्ता पाठवा प्लीज’, पॅकिंग आणि पोस्टातली रांग मिळून आणखी दोन. नऊ तासांचे ९०० रुपये, म्हणजे तासाला रोख शंभर!

हसू येतंय ना? मग नोकरीचा राजीनामा टाइप करायला घेतला असेल तर ती खिडकी बंद करा. यातून फ्लॅटचा ईएमआय भरला जाणार नाही. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास सुटतील, म्हणजे रंगांचा खर्च निघून वर चार चांगली जेवणं होतील. हे एकदा मान्य केलं की किंमत ठरवणं सोपं जातं. किंमत कागदाच्या मापावर ठरवायची. आवडलेल्या चित्राला जास्त आणि नावडत्याला कमी, हा खेळ सुरू केला की घोळ होतो. कारण तुम्हाला जे फसलेलं वाटतं, नेमकं तेच कुणाला तरी हवं असतं.

आणि हो, ‘मला एक फुकट दे ना रे’ म्हणणारे मित्र! ते प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांच्यासाठी एक नियम ठेवा. वाढदिवसाला चित्र भेट, एरवी पूर्ण किंमत. सवलत नाहीच. मोबाईलच्या दुकानात तोच मित्र न कुरकुरता चाळीस हजार मोजतो, हे लक्षात असू द्या. मावशीला मात्र फुकट द्यावं लागेल. तिथे कुणाचं काही चालत नाही.

खरी गोम इथे आहे

आता मुद्द्याचं. विकायला काढल्यावर चित्राचं काय होतं?

आमची एक मैत्रीण बाणेरला राहते, दिवसभर सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. तिने रोजचं चित्र सुरू केलं तेव्हा पहिले दोन महिने कमाल होते. कधी कुकरची शिट्टी, कधी ओला रेनकोट, कधी सोसायटीच्या वॉचमनची खुर्ची. मग एके दिवशी तिने जुन्या वाड्याचं दार काढलं, निळ्या रंगाचं, वर बोगनवेल. दहा मिनिटांत विकलं गेलं. दुसरं दार, तेही गेलं. मग ऑर्डरी यायला लागल्या. ‘सेम तसंच, पण हिरवं दार’, ‘बोगनवेल जरा गुलाबी हवी, आमचा सोफा गुलाबी आहे.’ चौथ्या महिन्यात ती नुसती दारं काढत होती. रात्री साडेअकराला मेसेज : ‘मॅडम, माझं दार कधी मिळेल?’ ती म्हणाली, ‘दिवसा एका क्लायंटचे बग शोधते, रात्री दुसऱ्या क्लायंटची दारं रंगवते. फरक काय राहिला?’ आणि पंधरा दिवस तिने ब्रशला हातच लावला नाही.

ही गोष्ट एकटीची नाही. जे विकलं जातं तेच पुन्हा करावंसं वाटणं, हे कुठल्याही बाजारात होतं. आणि आता तर विक्रीच्याही आधी लाल हृदयं मोजता येतात. संत्र्याला दोनशे, लसणाला अकरा. उद्या काय काढाल? संत्रंच ना? लसणाची साल कशी पारदर्शक असते, तिच्यावर जांभळी रेघ कशी धावते, हे तुम्ही काल तासभर बघितलं होतं. तो तास अकरा हृदयांचा होऊन बसतो.

म्हणून काही जण म्हणतात, छंद विकूच नये. मला हे पटत नाही. एक तर विकल्याशिवाय चित्रं घराबाहेर पडत नाहीत आणि ढीग साचला की उत्साह संपतो. दुसरं म्हणजे, अनोळखी माणसाने स्वतःच्या खिशातून ८०० रुपये काढून तुमचं लिंबू भिंतीवर लावणं, यात जो आनंद आहे तो ‘वॉव, सो नाइस’मध्ये नाही. आणि तिसरं, कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की आळसावलेल्या बुधवारीही माणूस टेबलाशी बसतो.

तेव्हा विका. फक्त क्रम बदला. त्या मैत्रिणीने पंधरा दिवसांनी पुन्हा सुरुवात केली तेव्हा हेच केलं. सोमवार ते रविवार स्वतःला वाटेल ते काढायचं, त्या दिवसांत काहीही विकायचं नाही. रविवारी रात्री आठवड्यातली दोन किंवा तीन चित्रं निवडून विक्रीला टाकायची. गेली तर गेली, नाहीतर डब्यात. ऑर्डर घ्यायच्या नाहीत, ‘सेम तसंच’ला नम्रपणे नाही म्हणायचं. तिची विक्री निम्म्यावर आली, हेही सांगायला हवं. पण कुकर परत आला. रेनकोट परत आला. परवा तिने चार्जरच्या गुंतलेल्या वायरी काढल्या होत्या, त्या कुणी घेतल्या नाहीत. तिच्या डेस्कवर आहेत.

मोठं उदाहरण हवं असेल तर ‘बीपल’ या नावाने काम करणारा अमेरिकेतला माइक विंकलमन आहे. १ मे २००७ पासून त्याने रोज एक चित्र केलं. पहिल्या पाच हजार चित्रांचं एकत्र केलेलं डिजिटल कोलाज मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरना गेलं. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तो विसरून जा, ती लॉटरी होती. पाठ करायचा तो दुसरा आकडा. पाच हजार दिवस. म्हणजे तेरा वर्षांहून जास्त काळ रोज, आणि शेवटी असं काही होईल हे कुणी सांगितलेलं नसताना.

सुरू करण्याआधी

• कागद : ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर घ्या. मोठा ताव घेऊन घरीच कापला तर स्वस्त पडतो. पातळ कागद पाण्याने वाकतो आणि फोटोत ते दिसतं.

• रंग : तैलरंग वाळायला दिवसचे दिवस लागतात, जलरंग आणि अॅक्रिलिक त्याच संध्याकाळी वाळतात. रोजच्या चित्राला हेच बरे. विकायचं असेल तर चमकणारे फ्लुरोसंट रंग टाळा, ते उजेडात उडतात. चांगल्या ट्यूबवर रंग किती टिकतो याची खूण दिलेली असते, ती बघून घ्या.

• फोटो : सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली पिवळा हिरवट होतो, मग घेणारा म्हणतो, फसवलंत. फ्लॅश बंद.

• पाकीट : चित्र आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, मग पाकिटात. जून ते सप्टेंबर याला पर्याय नाही.

• पावसाळा : दमट हवेत कागदाला बुरशी येते. न विकलेली चित्रं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. नवीन बुटांच्या खोक्यातल्या पुड्या फेकू नका.

• मागची बाजू : कॉन्स्टेबलसारखी तारीख आणि वेळ लिहा. घेणाऱ्यालाही ते आवडतं.

• ऑफिस : अपॉइंटमेंट लेटर एकदा नीट वाचा. नोकरीबाहेर कमाई करायची असेल तर कळवावं लागेल, असं कलम पुष्कळ ठिकाणी असतं. एचआरला एक ईमेल टाकून ठेवलेला बरा. आणि ही कमाई इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवायची असते, लिंबाची असली तरी.

तो एक तास

आपले दिवसाचे नऊ-दहा तास आधीच विकलेले असतात. त्यांचे पैसे एक तारखेला खात्यात जमा होतात, त्याबद्दल तक्रार नाही. प्रवासाचे दोन-तीन तास रस्त्याला जातात, त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. जो एखादा तास उरतो, त्यात आपण काय बघायचं हे बहुतेक वेळा फोनच ठरवतो. रोजच्या चित्रात हा तास आपल्याकडे परत येतो. त्यातून निघालेलं चित्र जरूर विका. पण तो तास कशावर घालवायचा, हे गिऱ्हाइकाला ठरवू देऊ नका.

आणि वर्षाअखेरीला गंमत बघा. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘या वर्षी काय केलं?’ या रकान्यासमोर आपण अर्धा तास डोकं खाजवत बसतो. कारण एक मंगळवार दुसऱ्या मंगळवारासारखाच असतो. चित्रांच्या डब्यात मात्र तसं नसतं. १४ जुलै, ओली छत्री. १५ जुलै, मक्याचं कणीस. १६ जुलै, डेंटिस्टकडून आल्यावर खाल्लेल्या आइस्क्रीमचा कप. दिवस वेगवेगळे होते, हे तिथे लिहिलेलं असतं.

तेव्हा या आठवड्यापुरतं एवढंच करा. स्टेशनरीच्या दुकानातून एक कागदाचा ताव, दोन ब्रश आणि सहा ट्यूब आणा. कागदाचे पोस्टकार्डाएवढे सात तुकडे करा. स्वयंपाकघरात जाऊन पहिली जी वस्तू दिसेल ती उचला. अजून इन्स्टाग्रामवर नाव-बिव काही ठेवू नका, लोगोही नको. आधी सात चित्रं. किंमत आठव्या दिवशी.